आधी सुई, मग फोटो

नागूबाई तळभंडारे यांच्या लहानपणाचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांचं नाक वाहतंय. मोडनिंबच्या शाळेत फोटोग्राफर आला होता. बाईंनी सगळ्या वर्गाला तीन रांगांत उभं केलं आणि नागू नाक पुसायला फ्रॉकची कड उचलणार, तेवढ्यात त्या माणसानं बटण दाबलं. तो फोटो पुढं माहेरच्या भिंतीवर लागला. पाहुणे येत, चहा पीत आणि तो फोटो बघून हसत. लग्न ठरवायला सोलापूरची मंडळी आली तेव्हा तीही हसली. नवऱ्या मुलानं तर लग्नानंतर वर्षभर त्यावरून चिडवलं. तेव्हापासून नागूबाईंचा एक नियम झाला. कुणाचाही फोटो काढायचा तर आधी त्याला नीटनेटकं करायचं. विहारात बुद्धपौर्णिमेला मुलांचा फोटो असला की या कंगवा घेऊन हजर. लेकीच्या, धम्मप्रियाच्या लग्नात त्यांनी फोटोग्राफरला ताटकळत ठेवून व्याह्यांच्या टोपीपासून करवल्यांच्या पदरापर्यंत सगळं सारखं केलं होतं. फोटोग्राफर वैतागला, पण अल्बम झकास निघाला.

आता अशा बाईच्या हातात कुणी कारखान्याचा टॅब द्यावा का? पण दिला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चनबसप्पा मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे. फार मोठा नाही, फार लहान नाही. एका शेडमध्ये माग खडखडतात, पलीकडच्या खोलीत, जिथं जरा बोललेलं ऐकू येतं, तिथं चेकिंगचं टेबल. लांबलचक, पांढरा सनमायका लावलेलं, वर ट्यूबलाइटची रांग. त्या टेबलावर सहा बायका आणि त्यांत सगळ्यांत जुन्या नागूबाई. मागावरून कापून आलेला प्रत्येक टॉवेल या सहाजणींच्या हाताखालून जातो. कुठं सूत तुटलंय, कुठं टॉवेलच्या लवेतला दोऱ्याचा फासा वर ओढला गेलाय, कुठं तेलाचा डाग पडलाय, ते बघायचं. सुईनं बसवता येईल ते बसवायचं, कातरीनं कापता येईल ते कापायचं, आणि अगदीच हाताबाहेर गेलेला टॉवेल बाजूला टाकायचा. तो मग मंगळवार बाजारात जातो आणि कुणाच्या तरी न्हाणीघरात सुखानं नांदतो.

या टेबलाची एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. विणकराची चूक टेबलावर आली की टेबलावरच संपवायची. वर ऑफिसात न्यायची नाही. फार झालं तर चेकिंगवालीनं जेवणाच्या सुट्टीत स्वतः मागाजवळ जाऊन विणकराच्या कानात सांगायचं, आणि विणकरानं काही न बोलता संध्याकाळचा चहा टेबलाला पाठवायचा. सगळ्यांत जास्त चहा यायचा सात नंबरच्या मागावरून. त्या मागावर सिद्राम होता. अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा, भला माणूस. गेल्या वर्षभरात त्याच्या टॉवेलांत फासे ओढल्याच्या खुणा वाढल्या होत्या. नागूबाई कुरकुर करत, पण सुई चालवत. 'वय झालं अण्णाचं,' असं म्हणत आणि पुढचा टॉवेल घेत. टेबलाला चहाची ददात नव्हती.

मग आल्या चैताली मॅडम. मॅडम म्हणजे करमाळ्याची पंचविशीतली पोर. टेक्स्टाईलची डिग्री, पाठीवर सॅक, चालणं असं की साडी नेसलेल्या बायकांनी बाजूला व्हावं. परदेशातल्या गिऱ्हाइकानं मालकांना कळवलं होतं की यापुढं तपासणी डिजिटल हवी. दोष सापडला की त्याचा फोटो, मागाचा नंबर, दोषाचा प्रकार, सगळं टॅबवर भरायचं आणि ते तिकडं त्यांना बसल्या जागी दिसायला पाहिजे. ते काम मार्गी लावायला चैतालीला नेमलं होतं. तिनं भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यावर प्रत्येक मागाचा एक चौकोन. दोष नसले की हिरवा, थोडे असले की पिवळा, जास्त असले की लाल.

"मावशी, सोपं आहे," चैतालीनं टॅब नागूबाईंच्या हातात दिला. "टॉवेल घ्यायचा, मागाचा नंबर दाबायचा, फोटो काढायचा. मग स्क्रीन विचारते, दोष आहे का? आहे किंवा नाही, एक दाबायचं. झालं."

"एवडंच की," नागूबाई म्हणाल्या. धम्मप्रियाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून नातवाशी रोज बोलणाऱ्या बाईला टॅबचं काय कौतुक.

पहिलाच टॉवेल घेतला तो नेमका सात नंबरचा. काठाजवळ फासा ओढलेला, बोटभर दोरा वर आलेला. नागूबाईंनी टॅब उचलला, स्क्रीनमध्ये बघितलं आणि खाली ठेवला. असा कसा फोटो काढायचा? साता समुद्रापलीकडं कुणीतरी बघणार, आणि सिद्रामअण्णाचा टॉवेल असा केस विस्कटलेला दिसणार? त्यांनी सुई घेतली. दोन मिनिटांचं काम. दोरा आत घेतला, वरून ब्रश मारला, टॉवेल चौकोनी घडी करून ट्यूबलाइटखाली सरळ ठेवला आणि मग झकास फोटो काढला. स्क्रीननं विचारलं, दोष आहे का? नागूबाईंनी टॉवेल पुन्हा एकदा निरखून बघितला. दोष नव्हता. 'नाही' दाबलं.

यात खोटं काय होतं, सांगा. फोटो काढला त्या घडीला तो टॉवेल खरोखरच निर्दोष होता.

नागूबाई करतील ते बाकीच्या पाचजणी करणारच. शेजारी बसणारी निंगव्वा तर त्यांच्याही पुढं गेली. तिनं टॉवेलखाली निळा कागद अंथरायला सुरुवात केली, म्हणजे पांढरा रंग खुलतो. दिवसभर टेबलावर सुई, ब्रश, फोटो, 'नाही' असा कारखाना सुरू झाला. सुईला न ऐकणारा टॉवेल पहिल्यासारखाच बाजूला पडायचा, त्याचा फोटोच नाही. काम थोडं जास्त पडायचं, पण बायका खूश होत्या. भिंतीवरचा टीव्ही हिरवागार. चैतालीही खूश होती. तिची पहिलीच नोकरी, पहिलंच मोठं काम, आणि सगळे चौकोन असे डोलणाऱ्या ज्वारीसारखे हिरवे. तिनं मालकांना रिपोर्ट दाखवला, गिऱ्हाइकाला पाठवला, आईला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसुद्धा पाठवला. दोन महिने कसे गेले कुणाला कळलं नाही.

चनबसप्पा मालक हिशेबी माणूस. ते रोज येता जाता टीव्हीकडं बघायचे. एके दिवशी त्यांनी पेढ्यांचा बॉक्स आणला, टेबलावर ठेवला आणि सहाजणींना आपल्या हातानं पेढे दिले. नागूबाईंनी अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला. मग मालक म्हणाले, "लई चांगलं काम झालं बघा. दोन महिन्यांत एक दोष न्हाय. आता मला सांगा, दोषच न्हाईत तर तपासायला सहाजणी कशाला? एक तारखेपासून टेबलावर दोघी ऱ्हावा. बाकीच्या चौघी पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे मागच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहायचं आणि तेही ठेकेदाराच्या हाताखाली. आज आहे, उद्या नाही. निंगव्वाचे गुडघे असे की ती बसमधून उतरताना दोघांना हाताला धरावं लागतं. ती पॅकिंगला आठवडाभर टिकली नसती. बाकीच्या तिघींच्या घरातही काही पैशाची झाडं नव्हती. मालक निघून गेले, तेही अगदी समाधानानं, कारण त्यांना वाटत होतं आपण शाबासकी देऊन चाललोय.

"आक्का, आपनच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की," निंगव्वा म्हणाली.

नागूबाईंनी उरलेला पेढाही तिच्यापुढं सरकवला आणि त्या तडक चैतालीच्या केबिनमध्ये गेल्या. आडपडदा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मॅडम, एक सांगायचं हाय. दोष हायेत. रोज हायेत. आमी आदी सुई मारतो, मंग फोटो काडतो."

चैतालीला आधी कळेचना. मग कळलं आणि ती हसायला लागली. मग हसणं थांबलं आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मावशी, अहो मी हे तिकडं पाठवलंय. दोन महिने. शून्य, शून्य, शून्य."

"मंग? वाईट तर दिसत न्हवतं ते."

"वाईट दिसायलाच पाहिजे होतं ना. तेवढ्यासाठीच तर फोटो."

वाईट दिसण्यासाठी फोटो काढायचा, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. चैतालीनं खुर्ची ओढून त्यांना बसवलं. चूक तिचीही होती, असं तीच म्हणाली. दोन महिने ती केबिनमधून हिरवा टीव्ही बघत बसली, एकदाही टेबलाशी येऊन उभी राहिली नाही. आता मालकांना ती स्वतः सांगेल. पण नुसतं सांगून टेबल वाचणार नाही, दोष दिसले तरच वाचेल. उद्यापासून टॉवेल जसा आलाय तसा फोटो, मग सुई.

"आनि मागाचा नंबर?" नागूबाईंनी विचारलं.

"तो तर पाहिजेच."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. नंबर टाकायचा म्हणजे सिद्रामअण्णाचं नाव साऱ्या कारखान्यासमोर भिंतीवर लाल करायचं. नाही टाकायचा तर निंगव्वा उभी राहणार पॅकिंगला. त्या रात्री नागूबाईंचा नवरा रिक्षा लावून जेवायला बसला तेव्हा भाकरी करपलेली होती, आणि तीस वर्षांच्या संसारात ती काही फार वेळा करपली नव्हती. त्यानं शहाण्यासारखा करपलेला भाग काढला आणि भाकरी खाल्ली.

सकाळी कामाला लागण्याआधी नागूबाई मागाच्या शेडमध्ये गेल्या. तिथं बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. नाजूक गोष्ट अशी ओरडून सांगायची पाळी कुणावर येऊ नये. "अण्णा, आजपासनं तुमच्या मागाचे दोष टीव्हीवर येनार. मी टाकनार हाय. टाकले न्हाईत तर आमचं टेबल जातंय."

सिद्रामनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. "टाका की," म्हणाला आणि मागाकडं वळला.

दुपारपर्यंत सात नंबरचा चौकोन पिवळा झाला आणि चहाच्या वेळेला लाल. आता टीव्हीवर सगळेच चौकोन कधी ना कधी पिवळे होत होते, पण लालभडक एकच. येणारा जाणारा विणकर मान वर करून बघायचा आणि मग टेबलाकडं बघायचा. त्या दिवशी चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सिद्राम सायकल घेऊन गेटातून जाताना नागूबाई समोर आल्या, तर त्यानं घंटी वाजवली आणि बाजूनं निघून गेला. नागूबाईंना ते फार लागलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी दोन परत दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. घंटीला काय उत्तर द्यायचं?

त्यांना इतकं वाईट वाटत होतं की त्या शनिवारी कामात त्यांचं लक्षच नव्हतं. चैताली लॅपटॉप घेऊन टेबलाशीच बसायला लागली होती. मालकांना दाखवायला म्हणून तिनं सात नंबरच्या मागाचे त्या दिवसाचे सगळे फोटो एकाच वेळी मोठ्या टीव्हीवर लावले. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एक विस्कटलेला टॉवेल. चनबसप्पा मालक कमरेवर हात ठेवून बघत होते. सहाही जणी हात थांबवून बघत होत्या.

"ह्ये सगळे काठालाच कसे काय?" निंगव्वा म्हणाली.

सगळ्यांनाच एकदम तेच दिसलं होतं. प्रत्येक फोटोत ओढलेला फासा काठापासून तीन बोटांवर. मधे एकही नाही. टेबलावर सहाजणींपैकी प्रत्येकीकडं दिवसात एखाद दुसरा असा टॉवेल यायचा, कधी उलटा, कधी सुलटा, आणि आला की सुईखाली जायचा. सगळे एका जागी मांडलेले कुणी कधी बघितलेच नव्हते. चैतालीनं घाईघाईनं आधीच्या दोन दिवसांचे फोटोही लावले. तेही तसेच.

"माणसाचा हात चुकला तर कुठंही चुकेल," ती म्हणाली. "एकाच जागी कसा चुकेल?"

मालकांनी फिटरला हाक मारली. सात नंबर बंद केला. मागावर विणलेलं कापड काठाजवळ ताणून धरायला एक काटेरी गोल कडी असते. फिटरनं ती खोलली, बोट फिरवलं आणि स्स केलं. त्यातला एक काटा वाकडा झाला होता. कडी फिरता फिरता तो मधूनच कापडात अडकायचा आणि फासा ओढायचा. कधीपासून, ते देवाला ठाऊक. नवी कडी फिटरच्या पेटीतच पडलेली होती. बसवायला त्याला एक विडी ओढण्याइतका वेळही लागला नाही.

सिद्राम बाजूला उभा होता. "काय रे," मालक म्हणाले, "कडी खराब झाली तर सांगायचं न्हाय का?"

"मला वाटलं माझे डोळे गेले, मालक." सिद्राम शांतपणे म्हणाला. "दोनदा चष्मा बदलला बघा. दिवाळीला हिशेब घेऊन गावाकडं जायचं ठरवलं होतं. म्हटलं, नागूबाई किती दिवस झाकून घेनार."

नागूबाई दारात उभ्या होत्या आणि जेवणाच्या सुट्टीमुळं सगळेच माग थांबले होते, त्यामुळं त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. वर्षभर त्यांनी सिद्रामचे दोष प्रेमानं सुईखाली मिटवले होते, आणि त्याच सुईनं त्या वाकड्या काट्याला लपवून ठेवलं होतं. त्या मिटवत राहिल्या, आणि हा बिचारा स्वतःला म्हातारा समजत राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "अण्णा, चुकलं माजं. मी आदीच बोंब मारायला पायजे होती."

"न्हाय ओ," सिद्राम म्हणाला. "मीच चहा पाजून तुमचं तोंड बंद केलं की."

फिटर हसला, मग मालक हसले, मग नागूबाईही डोळे पुसता पुसता हसल्या.

राहता राहिला टेबलाचा प्रश्न. मालक दोन दिवस विचारात होते. शेवटी टेबलाशी येऊन म्हणाले, "तुमाला ठेवलं तर टीव्ही लाल हुतो, काढलं तर हिरवा हुतो. मी करायचं काय?" चैताली म्हणाली, "होऊ द्या लाल, मालक. कुठं लाल होतंय ते कळतंय, एवढं पुष्कळ झालं." तिनं दोन महिन्यांच्या शून्यांचा खरा प्रकार गिऱ्हाइकाला स्वतःच लिहून कळवला होता आणि नोकरी गेली असं समजून सॅकही भरून ठेवली होती. तिकडून फोन आला. ते शून्य बघून त्यांना आधीपासूनच शंका होती, आता कुठं तपासणी होतेय असं वाटतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकांनी ते ऐकलं, मान हलवली आणि पॅकिंगची गोष्ट पुन्हा काढली नाही. निंगव्वा तिच्या स्टुलावर होती तिथंच राहिली. फक्त तिचा निळा कागद चैतालीनं मागून घेतला, कारण त्यावर दोष फार स्वच्छ दिसायचा. आता सहाही जणींच्या टॉवेलखाली निळा कागद असतो.

नागूबाईंचा हात अजूनही अधूनमधून आधी सुईकडं जातो. मग त्या स्वतःवरच चिडतात, सुई अंबाड्यात खोचतात आणि टॅब उचलतात. फोटो काढताना तोंड मात्र अगदी कडू करतात.

परवा भर दुपारी सिद्राम माग थांबवून टेबलाशी आला. विणकर स्वतः टेबलाशी येतो, असं कधी झालेलं नव्हतं. त्याच्या हातात एक टॉवेल होता. त्यानं तो नागूबाईंसमोर पसरला आणि अगदी मधोमध बोट ठेवलं. तिथं तुटलेलं एक सूत राहून गेलं होतं, टीचभर लांब.

"जेवून आल्यावर झापड आली बघा," सिद्राम म्हणाला. "ह्याचा फोटो काढा. सात नंबर टाका."

नागूबाईंनी टॉवेल बघितला, मग त्याच्याकडं बघितलं. हात अंबाड्याकडं गेला. "मिटवू का आदी?"

"न्हाय, न्हाय," सिद्राम म्हणाला. "ह्यो माझा हाय. हाय तसा काढा."